आदिवासी गावात टुरिझमचं काम करायचंय? आधी गावाचं वर्ष समजून घ्या

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) किंवा टुरिझमचा कोर्स करून आदिवासी गावात होमस्टेचं काम करायचं म्हणणारे बरेच जण मला विचारतात, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी तीन वर्षं अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पट्ट्यातल्या एका महादेव कोळी आदिवासींच्या गावात हे काम केलं. याच तालुक्यातलं पुरुषवाडी तुम्हाला माहीत असेल, काजव्यांसाठी आणि लोकांच्या घरी राहायच्या टुरिझमसाठी ते बरंच आधीपासून ओळखलं जातं.

पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. मे संपता संपता ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे असतात, मुंबई-पुण्याहून फोनवर फोन, मी एका शनिवारी साठ माणसं घेतली आणि नेमका आदल्या रात्री चांगला पाऊस झाला. राबात, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजून ठेवलेल्या तुकड्यात, भाताचं बी टाकायची तीच वेळ, आणि गावातल्या बाया पहाटे चारपासून पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापत बसलेल्या. ज्या मावशींकडे मी राहायचो त्यांनी चुलीपुढून मान वर न करता एवढंच विचारलं, "दादा, पाहुणं जातील निघून, पेर हुकली तर वर्षभर खायचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी ग्रामसभेत बसून ठरवलं की एका रात्री वीसच्या वर माणूस घ्यायचं नाही.

गर्दीचा त्रास काजव्यांनाही होतो. त्यांचा प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते, मोठ्या झालेल्या काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं, त्यात आपण गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च मारत फिरलो तर जोडी जमायची कशी. अळ्या पालापाचोळ्यात, ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढतात, म्हणून गवतात गाडी घालणं बंद म्हणजे बंद, पाहुणा कितीही ओळखीचा असो. हे सांगायचं काम गावातल्या पोरांना द्या, ते तुमच्यापेक्षा नीट सांगतात, हिरड्याचं झाड कुठलं नि सादड्याचं कुठलं हे अंधारातसुद्धा दाखवतात.

पैशाचं पहिल्या दिवसापासून उघड ठेवा. ज्या घरात टॉयलेट चांगलं तिथेच पाहुणे पाठवायचा मोह होतो, मीही पाठवले, दोन महिन्यांत वाडीत अबोला सुरू झाला. मग आळीपाळीने घरांचे नंबर लावले, नंबर चुकला तर का चुकला ते वहीत लिहायचं आणि ती वही देवळात ठेवायची, कोणीही उघडून बघावी. समजा एका ताटाचे 200 रुपये आले तर घराला किती, गाइडला किती, गावाच्या निधीला किती, हे पाहुण्यालाही सांगा.

पेसा कायदा (1996, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि वनहक्क कायदा (2006, जंगलावरचे आदिवासींचे हक्क मान्य करणारा) जॉइन व्हायच्या आधीच वाचून काढा. अकोले तालुक्यातली बरीच गावं पेसामध्ये आहेत, तिथे ग्रामसभेला डावलून सरपंचाच्या एका सहीवर काम पुढे रेटू नका. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी वेगळी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काजव्यांचे तीन आठवडे कोणीही भरतो, खरी गरज दिवाळीनंतर असते. भात झोडून झाला की हाताला काम नसतं, आणि बरीच कुटुंबं नारायणगावकडे मजुरीला जातात, पोरांची शाळा तुटते. त्या दिवसांत पाहुणे आणायला डोकं लावा, काळभात हा इथला गावरान तांदूळ, नागलीची (नाचणीची) भाकरी, डांगी गाई, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेली गावरान बियाणी, बघायला-शिकायला भरपूर आहे. आमच्याकडे तिसऱ्या हिवाळ्यात चार घरं गावातच थांबली. चारच, पण त्या घरांतली पोरं जानेवारीत शाळेत होती.

म्हणून मे महिन्यात जॉइन होऊ नका. भातकापणीला जा, विळा हातात घ्या, आणि झोडणी चालू असताना विचारा की यंदा कोण कोण बाहेर निघालंय.