डाळ महागली की कळण्याची भाकरी

तूरडाळीचा भाव वाढला की मी डाळीचं पातेलं लहान करते आणि कळणं, म्हणजे ज्वारी-उडदाचं एकत्र पीठ, दळून आणते. आपल्या खान्देशात हे काही नवं नाही, पण पोळीच्या नादात बऱ्याच घरांतून ते मागे पडलंय. चार किलो ज्वारीला एक किलो सालासकट काळे उडीद, मूठभर मेथीदाणे आणि थोडं जाडं मीठ, एवढंच एकत्र करून गिरणीत द्यायचं. उडदाची प्रथिनं भाकरीतूनच पोटात जातात, त्यामुळे त्या दिवशी वेगळी डाळ नसली तरी चालतं. सोबत मिरचीचा ठेचा, कच्चं शेंगदाणा तेल आणि फोडलेला कांदा. मुलंही पोटभर जेवतात.

उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना कडेला चिरत नाही, नवशिक्यांनाही जमते. मात्र पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळा, जुनं झालं की कडवट लागतं. ज्वारी घ्यायची तर फेब्रुवारी-मार्चनंतर, नवी दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, बाजारात आली की घ्या. कडक उन्हात दोन दिवस वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरा. एकदम वर्षाची जमत नसेल तर शेजारणीबरोबर मिळून एक पोतं घ्या, किरकोळीपेक्षा स्वस्त पडतं.