दुकानाच्या संकेतस्थळावरून कार्डाचा तपशील कसा हटवला : माझा अनुभव

सावंतवाडीची लाकडी खेळणी विकणाऱ्या एका छोट्या दुकानाचे संकेतस्थळ दुरुस्तीसाठी माझ्याकडे आले, तेव्हा ग्राहकाचा कार्ड क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला गुप्त पडताळणी क्रमांक) हे सगळे ऑर्डरच्या ईमेलमध्ये जसेच्या तसे येत होते आणि डेटाबेसमध्येही साठत होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून व्यापाऱ्याला कार्डाचा तपशील जपून ठेवता येत नाही; सीव्हीव्ही तर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकानुसार, व्यवहार मंजूर झाल्यावर एन्क्रिप्ट करूनही (म्हणजे सांकेतिक रूपात बदलूनही) ठेवता येत नाही. त्यामुळे ‘एन्क्रिप्ट करून ठेवू या’ ही मालकांची सूचना मला मान्य करता आली नाही.

कार्डाचा फॉर्मच काढून टाकला आणि ग्राहक थेट पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या) पानावर जाईल अशी सोय केली. आता आमच्याकडे फक्त व्यवहार क्रमांक आणि ओळखीपुरते कार्डाचे शेवटचे चार आकडे राहतात.

खरा वेळ जुना साठा पुसण्यात गेला. टेबलातले रकाने काढणे सोपे होते. पण तेच आकडे सर्व्हरच्या लॉगमध्ये (आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये), रोजच्या बॅकअपमध्ये आणि मालकांच्या फोनवरील ईमेलमध्येही होते, आणि यांतले एक ठिकाण जरी राहिले असते तरी ग्राहकांचा धोका टळला नसता.

गेटवेकडून येणाऱ्या ‘पैसे जमा’ या संदेशाची डिजिटल सही आमच्या सर्व्हरवर पडताळल्याखेरीज आता ऑर्डर पक्की होत नाही. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या ‘यशस्वी’ या शेऱ्यावर विसंबून माल पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. त्या पडताळणीची गुप्त किल्लीही (सही तपासण्यासाठी लागणारा सांकेतिक मजकूर) कोडमधून काढून सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ठेवली आणि जुनी किल्ली रद्द केली.