स्पायनल देताना, ट्यूब टाकताना या चुका टाळा

दरवर्षी भूलशास्त्राचे नवे रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) येतात आणि दरवर्षी मला त्याच चुका दिसतात. हुशारी कुणाचीच कमी नसते. नडते ती घाई.

सगळ्यात आधी ट्रॅनेक्सामिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव थांबवायचं औषध. 'क्रॅश-२' चाचणीत ४० देशांतले २०,२११ जखमी होते. रक्तस्राव होणाऱ्या जखमीला हे औषध लवकर दिलं तर जीव वाचतात, असा निकाल २०१० साली आला. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने होणारे मृत्यूही त्याने कमी होतात, हे २०१७ मध्ये 'वुमन' चाचणीने दाखवलं. म्हणून ट्रॅनेक्सा सिझेरियनच्या ओटीत (शस्त्रक्रियेच्या खोलीत) हाताशी असतं, आणि असायलाच हवं. पण स्पायनलच्या, म्हणजे मणक्यातून द्यायच्या भुलेच्या, ट्रेमध्ये, हेवी ब्युपिव्हाकेन या भुलेच्या औषधाशेजारी? शिरेतून तारणारं हे औषध मणक्यात गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. अशा चुकांचा आढावा २०१९ मध्ये छापून आला. त्यातल्या २१ रुग्णांपैकी १० दगावले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही याबद्दल इशारा दिला.

मी हे होता होता राहिलेलं पाहिलंय. रात्री दोनचं सिझेरियन, बाळाचे ठोके कमी झालेले, सर्जन हात धुऊन उभे. सिस्टरने ॲम्प्युल (औषधाची काचेची कुपी) फोडून धरलं, रेसिडेंटने सिरिंजमध्ये औषध ओढलं. लेबल सिस्टरच्या बोटांखाली होतं. सुई बसली, मणक्यातलं पाणी आलं, सिरिंज जोडायला त्याने हात पुढे केला आणि माझी नजर ट्रेमधल्या फोडलेल्या ॲम्प्युलवर गेली. ते जरा मोठं वाटलं. "थांब," मी म्हणाले, "वाचून दाखव." ट्रॅनेक्सा होतं. ॲम्प्युल तिघांनी पाहिलं होतं, वाचलं कुणीच नव्हतं. सिरिंज फेकली, दुसरं औषध भरलं, बाळ रडलं. माझे हात मात्र सकाळपर्यंत थंड होते. सकाळी नोंदवहीत सगळा प्रकार माझ्या सहीने लिहिला.

तेव्हापासून माझ्या ओटीत ट्रॅनेक्सा स्पायनलच्या ट्रॉलीवर येत नाही, त्याची जागा वेगळ्या कपाटात. ॲम्प्युल धरणारी व्यक्ती नाव मोठ्याने वाचते, औषध ओढणारा ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचून पुन्हा म्हणतो. याला पाच सेकंद लागतात. "मॅडम, इमर्जन्सी आहे" हे कारण मी ऐकून घेत नाही. चूक इमर्जन्सीतच होते.

दुसरी चूक कॅज्युअल्टीतली. श्वासासाठी ट्यूब टाकली, कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटांनी दाखवणारं यंत्र) सरळ रेघ, आणि लगेच "मशीन बिघडलंय". मशीनवर संशय घेण्याआधी ट्यूबवर घ्या. अन्ननलिकेत गेलेल्या ट्यूबनेही छातीवर आवाज ऐकू येतो, ट्यूबमध्ये वाफही दिसते. आधी ऑक्सिजन नीट दिलेला असेल तर सॅच्युरेशन पडायला काही मिनिटं जातात आणि तोवर सगळे निर्धास्त असतात. हृदय बंद पडलेलं असलं तरी छाती नीट दाबली जात असताना छोट्या लाटा दिसतात. एकही लाट नसेल तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असं धरून चाला. लगेच पुन्हा पाहा. शंका राहिली तर काढा आणि मास्कने श्वास द्या. "मी आत जाताना पाहिली" हा पुरावा नव्हे. मी स्वतः लाटा मोजते, सात होईपर्यंत ट्यूब सोडत नाही. ज्या कॅज्युअल्टीत कॅप्नोग्राफ नाही तिथे तो मागत राहा, दर महिन्याला लेखी.

भूल देण्याआधी "जेवलात का?" असं विचारू नका. दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं आपल्याकडे जेवण धरत नाहीत, पण त्यानंतरही पोट रिकामं व्हायला सहा तास लागतात. "पोटात शेवटचं काय गेलं, कधी गेलं?" असं विचारा.

सक्शन (घशातला स्राव, उलटी ओढून घेणारी नळी) भूल देण्याआधी चालू करून, उशीजवळ.

चेकलिस्टवरच्या खुणा एकदम करून ठेवू नका.

आणि थीसिसवाल्यांनो, कळा देणाऱ्या बाईची ट्रॉलीवर सही घेऊन त्या सहीला अभ्यासासाठीची संमती म्हणू नका. जखम झाल्याची वेळही अंदाजाने भरू नका. ट्रॅनेक्साचा फायदा पहिल्या तीन तासांत आहे, त्यानंतर अपायाची शक्यता. तुम्ही 'साधारण नऊ' लिहिलंत आणि अपघात साडेसातला झालेला असेल, तर तो जखमी चुकीच्या गटात मोजला जातो. आणणाऱ्याला विचारा, रुग्णवाहिकेचा कागद पाहा. तरीही कळलं नाही तर 'माहीत नाही' असं लिहा.