अंधारात सायकलने निघण्याआधी: दिवा लुकलुकता की सलग?

दिवे घेण्याआधी एकदा रात्री आपल्या नेहमीच्या वाटेने जाऊन या, आणि रस्त्यावर खांबाचे दिवे कुठे आहेत, कुठे नाहीत ते नीट बघून ठेवा. पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं. खांबांचा उजेड असतो तिथे रस्ता आपल्याला दिसतोच, त्यामुळे सायकलच्या दिव्याने आपलं असणं इतरांना दाखवलं की झालं. पुढच्या दिव्याला शंभर-दोनशे लुमेन (दिव्याचा उजेड मोजायचं एकक, खोक्यावर लिहिलेलं असतं) तिथे पुरतात. मिट्ट काळोखात मात्र खड्डा, वाळू, पडलेली फांदी हे सगळं त्याच दिव्याने दाखवायचं असतं. तिथे ३००-४०० लुमेनच्या खाली मी उतरणार नाही. वाटेत दोन्ही प्रकारचे रस्ते असतील तर दिवा काळोखाच्या हिशोबानेच घ्यावा.

आता लुकलुकता की सलग. पुढच्या दिव्याबद्दल माझं मत पक्कं आहे: अंधारात तो सलगच हवा. ताशी २० किलोमीटर वेगाने आपण एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जातो. दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत असेल आणि त्यातला अर्धा वेळ विझलेला असेल, तर दर वेळी पावणेतीन मीटर आपण आंधळे जातो. सायकलला पाडणारा खड्डा याहून कितीतरी लहान असतो. हे मी हिशोब करून नाही, पडून शिकले. बॅटरी उतरत आली होती, घर दहा मिनिटांवर होतं, म्हणून दिवा लुकलुकता करून ठेवला. पहिल्या उजेडात समोर एक काळा डाग दिसला. पाण्याचं ओलं असेल असं वाटलं. दुसऱ्या उजेडात तो डाग पुढच्या चाकाखाली होता. रिम वाकली आणि दोन्ही तळवे सोलून निघाले. रस्ता दिसत होता असंच मला शेवटपर्यंत वाटत होतं, कारण दोन उजेडांमधली मोकळी जागा मन आपोआप भरून काढत होतं.

मग लुकलुकता दिवा वापरायचाच नाही का? असं नाही. डोळ्याच्या कडेला काहीतरी उघडझाप करत असेल तर नजर तिकडे खेचली जाते. भर दिवसा, पावसाळी उजेडात, सूर्य मावळायच्या सुमाराला सलग दिवा आजूबाजूच्या उजेडात विरून जातो आणि लुकलुकणारा उठून दिसतो. तेव्हा तो जरूर लावावा. पण लक्ष वेधून घेणं एक आणि आपण नेमके कुठे आहोत, किती वेगाने येतोय हे समोरच्याला कळणं वेगळं. काळोखात आजूबाजूचं काहीच दिसत नसतं. अंदाज बांधायला गाडीवाल्याकडे फक्त तो एक ठिपका असतो. ठिपका सलग असेल तर तो कसा सरकतोय, कसा मोठा होतोय यावरून अंतर कळतं. तो दर अर्ध्या सेकंदाला गायब होत असेल तर अंदाजाचा धागा दर वेळी तुटतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी त्या अर्ध्या सेकंदात आठ मीटर पुढे आलेली असते.

म्हणून मागच्या बाजूला दोन दिवे ठेवायची तयारी करा. मुख्य दिवा सीटखालच्या दांडीवर किंवा कॅरिअरच्या मागे, सलग. दुसरा, लहानसा, त्याच्यापासून थोडा दूर, हेल्मेटवर किंवा बॅगेवर, आणि हवा असेल तर लुकलुकता. एकाने लक्ष वेधावं, दुसऱ्याने जागा सांगावी. एक बंद पडला तरी दुसरा असतो, हा फायदाही काही लहान नाही. एकच दिवा ठेवायचा असेल तर ज्याचा उजेड कमीजास्त होतो पण पूर्ण विझत नाही असा मोड त्यात आहे का ते बघा. माझ्या मते लुकलुकत्या मोडमधला हा सगळ्यात समजूतदार प्रकार आहे, आणि बऱ्याच दिव्यांमध्ये तो असतो. बटण आणखी एकदा दाबून बघायचे कष्ट आपण घेत नाही, इतकंच.

भराभर चमकणारा मोड मात्र रात्री लावूच नका. त्याने समोरच्याचे डोळे दिपतात, मागून येणाऱ्या सायकलस्वाराला तर नकोसं होतं. मी एकदा अशाच एका दिव्याच्या मागे बराच वेळ होते. पुढची सायकल किती लांब आहे तेच कळेना आणि त्या लाल फटकाऱ्यांखेरीज रस्त्यावरचं दुसरं काही दिसेना. शेवटी मी थांबले, तिला लांब जाऊ दिलं आणि मग निघाले. शिवाय काही लोकांना चमकत्या उजेडाने फिट येऊ शकते. हा धोका साधारणपणे सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणाऱ्या उजेडाचा असतो. संथ लुकलुकणं निवडायला हे एकच कारण पुरेसं आहे.

कायदा सगळीकडे सारखा नाही, म्हणून आपल्या भागातला नियम आधी वाचून घ्या. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये सायकलच्या दिव्याने लुकलुकणं नियमात बसत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतं, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा एवढंच, आणि रस्त्यावर दिवे नसतील तिथे पुढचा दिवा सलग ठेवावा अशी तिथल्या वाहतूक नियमावलीची शिफारस आहे. पुढे पांढरा, मागे लाल, यात अदलाबदल कधीच करू नका. कोण येतंय आणि कोण जातंय हे लोक रंगावरूनच ओळखतात.

दिवे आणले की ते बसवायला एक संध्याकाळ राखून ठेवा. ऐन निघायच्या धांदलीत बसवलेला पुढचा दिवा हमखास वर बघत राहतो, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणारा सलग दिवा काही लुकलुकत्यापेक्षा बरा नाही. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर सपाट जागी उभी करा. दिवा जमिनीपासून एक मीटर उंच असेल तर भिंतीवरच्या उजेडाचा मध्य अर्ध्या मीटरवर यायला हवा. याचा अर्थ तो उजेड दहा मीटरवर जमिनीला टेकतो. वेगाने जायची सवय असेल तर किंचित वर करा, पण उजेडाचा मध्य दिव्याच्या स्वतःच्या उंचीपर्यंत जाऊ देऊ नका. वरची कड कापल्यासारखा, गाडीच्या हेडलाइटसारखा प्रकाश टाकणारे दिवे मिळतात. पूर्ण काळोखातून जायचं असेल तर चार पैसे जास्त देऊन तसाच घ्यावा.

मागच्या दिव्याची परीक्षा वेगळी. रोजची बॅग पाठीला लावा, रेनकोट घाला, सीटवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी पन्नास पावलं मागे जाऊन बघायला सांगा. रेनकोटाची मागची झालर दिव्यावर पडते, बॅगेचा पट्टा लोंबतो, दांडी तिरकी असल्यामुळे दिवा जमिनीकडे तोंड करून बसतो. यातलं काहीही सीटवर बसलेल्याला कळत नाही. माझा दिवा एक अख्खा पावसाळा रेनकोटाखाली जळत होता. शेजारच्या काकांनी सांगितलं तेव्हा कळलं.

रिफ्लेक्टर काढून टाकले असतील तर परत लावा. घोट्यांना चमकत्या पट्ट्या बांधा. पाय वरखाली होताना त्या हलतात आणि तो माणूस सायकल चालवतोय हे लांबून लगेच ओळखू येतं. त्यांना बॅटरीही लागत नाही.

बॅटरीच्या बाबतीत खोक्यावरच्या तासांवर विसंबू नका. तो मोठा आकडा बहुतेकदा मंद किंवा लुकलुकत्या मोडचा असतो, आणि आपण चालवणार सलग मोडवर. दिवा पूर्ण चार्ज करून, रोजच्या मोडवर लावून घरात ठेवा आणि किती वेळ चालतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा. जाण्यायेण्याच्या वेळेच्या दुप्पट चालला तरच पुरेसा समजा. थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते आणि वर्षं जातील तशी तिची ताकदही घटते. ही मोजणी दर हिवाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा करा. लुकलुकता मोड बॅटरी वाचवतो हे खरंच, पण ती वाचवण्यासाठी काळोखात दिवा लुकलुकता करायची वेळ आली तर आपली तयारी कमी पडली. बॅगेच्या छोट्या कप्प्यात सीआर २०३२ बटण सेलवर चालणारा एक पांढरा आणि एक लाल दिवा टाकून ठेवा. रस्ता दाखवण्याइतका उजेड ते देत नाहीत, पण घरापर्यंत आपल्याला लोकांच्या नजरेत ठेवतात. रोज लांबचा पल्ला असेल तर चाकाच्या हबमधल्या, म्हणजे अगदी मधल्या भागातल्या, चाक फिरेल तशी वीज देणाऱ्या डायनॅमोचा विचार करा. जुन्या, टायरला घासणाऱ्या डायनॅमोसारखा तो पाय जड करत नाही, आणि त्यावरचे चांगले दिवे सिग्नलला थांबल्यावरही काही मिनिटं लागलेले राहतात. पावसासाठी खोक्यावर निदान आयपीएक्स४ लिहिलेलं हवं, म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी दिवा सोसतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट दाबलेलं नसेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

आणि निघताना मोड बघा. काही दिवे शेवटचा मोड लक्षात ठेवतात, काही दर वेळी पहिल्यापासून सुरू होतात. बॅगेत बटण दाबलं जाऊन सकाळचा सलग दिवा संध्याकाळी लुकलुकता झालेला मी पाहिलाय. सायकलवर बसले की मी डावा हात मागे नेऊन तळवा दिव्यासमोर धरते आणि मान वळवून बघते. बोटांच्या फटींतून लाल उजेड न हलता पडत असेल तर पेडल मारते. वाटेत पहिल्या सिग्नलला पुन्हा एकदा.