जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकताना: अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेटची योजनाही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. त्यामुळे नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधले, कॉलेज रोडच्या क्लासमधले, निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांच्या घरातले कितीतरी धडधाकट संगणक एकाएकी 'जुने' ठरले. त्यांच्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) चांगलं चालतं. प्रत्यक्ष टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. डोकं फिरतं ते त्याआधीच्या आणि नंतरच्या कामांनी, म्हणून इथे भर त्यांच्यावरच आहे.

आधी हिशेब: कोणतं काम अडेल?

टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. डिजिटल सहीचा डोंगल वापरून रिटर्न भरत असाल, तर तेही विंडोजवरच राहू द्या. अशा घरात किंवा ऑफिसात विंडोज पुसू नका, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोड नसतात. तो फॉन्ट नसेल तिथे त्या निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा दिसतात, तेव्हा महत्त्वाच्या फायली विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. प्रिंटरही बघा. एचपी लेझरजेट १०२० चालतो, पण त्याला एचपीचं जास्तीचं प्लगइन इंटरनेटवरून उतरवावं लागतं. कॅनन एलबीपी २९०० चा ड्रायव्हर हाताने बसवावा लागतो आणि ते काम नवख्याचं नाही.

मग बॅकअप. वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यायचा. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर फायली सरकवणं म्हणजे बॅकअप नव्हे.

पेनड्राइव्ह

८ जीबीचा पुरतो, मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास असते. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ जीबी असेल तर सिनॅमन. फाइल उतरल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का, ते सांगणारी खूण) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. हे बहुतेक जण टाळतात आणि मग इन्स्टॉल अर्ध्यात अडकलं की लॅपटॉपला दोष देतात. फाइल रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर संगणक त्यावरून सुरू होणार नाही. पदपथावर मिळणारा '१ टीबी'चा स्वस्त पेनड्राइव्ह तर या कामाला नकोच. अशांची खरी जागा बऱ्याचदा सांगितलेल्यापेक्षा फारच कमी निघते आणि लिहिलेली फाइल खराब होते.

विंडोजमध्ये करायची चार कामं

पहिलं, बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कला लागलेलं कुलूप. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या लॅपटॉपवर हे आपोआप चालू असतं, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधीच कागदावर उतरवा आणि एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उघडी होईपर्यंत थांबा.

दुसरं, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' म्हणजे अर्धवट झोपच असते. डिस्क विंडोजच्याच ताब्यात राहते आणि लिनक्सला तिच्यावर लिहिता येत नाही.

तिसरं, डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह 'श्रिंक' करून निदान ५० जीबी जागा मोकळी सोडा. डिस्कवर १०० जीबी रिकामे असूनही पाच-सहा जीबीच काढता येतात, असं पुष्कळदा होतं. कारण हायबरनेशनची फाइल, पेज फाइल आणि रिस्टोअर पॉइंट जागेवरून हलत नाहीत. तिन्ही तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, श्रिंक करा आणि पुन्हा चालू करा.

चौथं लागेलच असं नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बायोसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी'वर (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या पद्धतींवर) असतं, ते 'एएचसीआय' करावं लागतं. थेट बदललंत तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकेल. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून सेफ मोड ठरवा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये शिरा आणि मग सेफ मोडची खूण काढा.

आधी नुसतं चालवून बघा

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालतं, पण ते बायोसमध्ये आधी चालू करावं लागतं. मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' (संगणक सुरू करायची नवी पद्धत) लिहिलेला निवडा, निदान विंडोज त्या पद्धतीने बसलेलं असेल तर. एक यूईएफआय आणि दुसरं जुन्या लेगसी पद्धतीने बसलं, तर एका मेनूतून दोन्ही सुरू होत नाहीत. स्क्रीन काळी राहिली तर पुन्हा सुरू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. बहुतेक वेळा कारण एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असतं.

आता डिस्कला हात न लावता तासभर वापरा. वायफाय, आवाज, हेडफोन, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर जागं होणं, प्रिंटरवर एक पान, मराठी टायपिंग, सगळं तपासा. पेनड्राइव्हवरून ते हळूच चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेथरिंग' सुरू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमच्या चिपचं औषध बहुधा तिथेच मिळतं.

इन्स्टॉल

डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर ठेवा, लॅपटॉप चार्जरवर. पावसाळ्यात आणि महावितरणचा दुरुस्तीचा मेसेज आलेल्या दिवशी हे काम काढूच नका, डिस्कची विभागणी चालू असताना वीज गेली तर बॅकअपच कामाला येतो.

मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या भागांच्या) चौकटीत खूण करा. पुढच्या पानावर 'इन्स्टॉल अलाँगसाइड' निवडायचं. 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोज आणि फोटोंसकट सगळं साफ. 'अलाँगसाइड' हा पर्यायच दिसला नाही, तर बहुधा पेनड्राइव्ह चुकीच्या पद्धतीने सुरू झालाय किंवा बिटलॉकर चालू राहिलंय. 'समथिंग एल्स'मधून स्वतः विभागणी करणार असाल, तर ईएफआयचा छोटा भाग वापरा, पण फॉरमॅट करू नका. विंडोज सुरू होतं ते त्यातूनच.

सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) चालू असेल आणि कोडेकची खूण केली असेल, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पहिल्या रीस्टार्टला निळी पाटी येते, तिथे दहा सेकंदांत कळ दाबून 'एनरोल मॉक' निवडायचं आणि तो पासवर्ड द्यायचा. ती पाटी निसटली की एन्व्हिडिया किंवा वायफायचा ड्रायव्हर 'बसलेला' दिसतो, पण चालत नाही.

नंतरच्या कटकटी

विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलायला महात्मा गांधी रोडवर धावू नका. लिनक्स हार्डवेअर घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी टाइमडेटसीटीएलची एक कमांड पुरते.

मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये इन्स्क्रिप्ट किंवा कागापा (KaGaPa) फोनेटिक जोडा. मंगल फॉन्ट लिनक्सबरोबर येत नाही, त्याजागी नोटो सॅन्स देवनागरी लागतो आणि ओळी सरकतात. दोन पानी अर्ज तीन पानांवर गेला की कारण हेच असतं. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा.

मोठ्या विंडोज अपडेटनंतर मिंटचा मेनू गायब झाला तरी मिंट पुसलं गेलेलं नसतं. बायोसच्या बूट क्रमात त्याला परत वर आणा.

नाहीच जमलं आणि मिंट काढायचं ठरलं, तर डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचे भाग उडवायची घाई करू नका. आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर ठेवा आणि विंडोज दोनदा नीट सुरू होतंय ना ते बघा. मग भाग काढा आणि सी ड्राइव्ह 'एक्स्टेंड' करा. एक्स्टेंड राखाडी दिसलं तर मोकळी जागा सीला लागून नाही, मध्ये रिकव्हरीचा भाग आहे. अशा वेळी त्या जागेचा नवा ड्राइव्ह बनवून मोकळे व्हा.