डच चित्रांतील शेतकऱ्यांचा गुत्ता कसा पाहावा

सतराव्या शतकातील नेदरलँड्समध्ये शेतकऱ्यांच्या गुत्त्यांची चित्रे विपुल रंगवली गेली. ती विकत घेणारे मात्र बहुधा शहरातले सुस्थित लोक होते, आणि म्हणूनच अशा प्रत्येक चित्रासमोर एक प्रश्न मनात ठेवावा: चित्रकार या माणसांना हसतो आहे, की त्यांच्यात जाऊन बसला आहे?

सुरुवात चेहऱ्यांपासून न करता उजेडापासून करावी. आद्रियान फान ओस्ताडेच्या चित्रांत तो पुष्कळदा एका बाजूच्या खिडकीतून येतो, दोन-तीन माणसांवर स्थिरावतो आणि बाकीची खोली तपकिरी अंधारात सोडतो. त्या अंधारातही डोळे सरावू द्यावेत, कारण मागे आणखी कोणीतरी पीत, पेंगत किंवा बोलत बसलेले असते. ही चित्रे बहुधा लहान लाकडी फळ्यांवर रंगवलेली असल्यामुळे ती जवळूनच पाहावी लागतात.

मग चेहरे आणि हात पाहावेत, आणि येथे घाई अजिबात करू नये. आद्रियान ब्राऊवर हा फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियममधील प्रदेशाचा) चित्रकार हार्लेम आणि ॲमस्टरडॅममध्ये राहून पुढे अँटवर्पला गेला व १६३८ मध्ये ऐन तारुण्यात वारला. पत्त्यांवरून पेटलेली मारामारी, कडू घोटाने वाकडे झालेले तोंड, धूर सोडताना फुगलेले गाल हे सारे त्याने इतक्या मोकळ्या कुंचल्याने टिपले की रुबेन्स आणि रेम्ब्रांट या दोघा थोर चित्रकारांनीही त्याची चित्रे संग्रही ठेवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील त्याच्या धूम्रपान करणाऱ्यांच्या चित्रात आपल्याकडे पाहणारा मधला माणूस स्वतः ब्राऊवरच असल्याचे परंपरेने मानले जाते, आणि त्याचे सोबतीही चित्रकारच समजले जातात. हे कळल्यावर ते चित्र खेडवळांची टवाळी म्हणून पाहणे मला तरी अशक्य वाटते.

चित्राचे वर्षही अवश्य पाहावे. हार्लेमच्या ओस्ताडेची (१६१०–१६८५) १६३० च्या दशकातील माणसे बेढब, झिंगलेली आणि भांडखोर आहेत. १६५० नंतरची तीच माणसे नीटनेटक्या खोलीत शेकोटीजवळ निवांत बसून पाइप ओढतात. त्याची ही उत्तरकालीन चित्रे मला अधिक मोलाची वाटतात, कारण त्यांत गरिबाच्या विसाव्याला प्रतिष्ठा मिळाली आहे.

पत्ते, फुटके पाइप, उलटलेले मडके यांची नोंद घ्यावी; परंतु प्रत्येक वस्तूत व्यसनाविरुद्धचा उपदेश शोधू नये, कारण गुत्त्यात त्या असायच्याच.

यान स्टेन या डच चित्रकाराकडे शेवटी वळावे. त्याचे वडील बिअर बनवणारे होते, आणि १६७२ मध्ये त्याने स्वतः लायडनमध्ये गुत्ता चालवण्याचा परवाना घेतला. त्याच्या गजबजलेल्या चित्रांत हसणारा, लांब केसांचा पुरुष दिसला तर तो चेहरा त्याच्या आत्मचित्रांशी ताडून पाहावा. अनेकदा तो स्टेनच असतो.