जुनी गाडी घरीच उभी करायची आहे? विदर्भातल्या गावात गॅरेज बांधताना या चुका टाळा

विदर्भातल्या किती तरी गावांत जुनी जीप, ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी अजून उभी आहे. कुणाच्या वाड्यामागे, कुणाच्या कोठ्यात, कुणाच्या वावरात निंबाखाली. ती भंगारवाल्याला न देता घरीच दुरुस्त करायची, असं ठरवणारी पोरं हल्ली भेटतात आणि ऐकून फार बरं वाटतं. ॲम्बॅसेडर २०१४ पासून बनत नाही, पद्मिनी त्याच्याही कितीतरी आधी बंद झाली. आहेत त्या जपल्या तरच राहतील.

पण यातल्या बऱ्याच गाड्या अर्ध्या खोललेल्या अवस्थेत शेवटी भंगारातच जातात. हाताला काम येत नाही म्हणून नव्हे, तर जागेचा विचार चुकला म्हणून. व्हिडिओत पाहिलेलं गॅरेज जसंच्या तसं उभं केलं जातं. आपली काळी माती, मे महिन्यातला ४५-४६ अंशांचा पारा आणि घरात भरून ठेवलेला कापूस हिशेबात धरलाच जात नाही. माझं स्पष्ट मत आहे: अवजारांची यादी नंतर करा, आधी पैसा जमिनीत आणि विजेत घाला.

काळ्या मातीवर थेट काँक्रीट

आपली कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वावरात हात जाईल एवढ्या भेगा आपण दर वर्षी पाहतो; शेडच्या खालची माती तेच करते. तिच्यावर चार इंच काँक्रीट ओतलं, तर दोन पावसाळ्यांत फरशी एका कोपऱ्यात उचलली जाते नि मधोमध तडकते. मग जॅक तिरका बसतो, आणि गाडीखाली झोपणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तिरका जॅक ही साधी गोष्ट नाही.

आधी काळी माती काढा. किती खोल, ते जागेवर खड्डा घेऊनच कळतं. कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, तर पूर्णेच्या खोऱ्यात माती संपतच नाही. तिथे निदान तीन फूट माती काढून मुरूम थराथराने भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस किंवा रोलर फिरवा. वर दगडाचं सोलिंग, त्यावर सळई घातलेलं सहा इंची काँक्रीट. शेडभोवतीही तीन फुटांचा पट्टा पक्का करा आणि पत्र्याचं पाणी नालीने लांब सोडा, कारण फुगण्याचा सगळा खेळ भिंतीच्या कडेने आत मुरणाऱ्या पाण्याचा असतो.

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागातल्या वाचकांनी आणखी एक जपावं. तिथलं खारं बोअरचं पाणी काँक्रीट कालवायला वापरू नका, सळई आतून गंजते. त्याच पाण्याने खोललेले पत्रे धुऊ नका आणि रेडिएटरमध्ये तर अजिबात घालू नका.

गाडीखाली जायला खड्डा

जुन्या मेकॅनिककडे खड्डा असतो म्हणून आपल्याकडेही हवा, असं वाटतं. काळ्या मातीत तो काढू नये. फुगलेली माती विटांच्या भिंतीला बाजूने रेटते, पावसाळ्यात आत पाणी पाझरतं, आणि गावाच्या कडेच्या खड्ड्यात साप-विंचू उतरणारच. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गळक्या टाकीची वाफ खड्ड्याच्या तळाशी साचून राहते, वर उभ्या माणसाला वास येईलच असं नाही, आणि खाली नेलेल्या साध्या दिव्याची ठिणगी पुरते.

त्याऐवजी जमिनीच्या वर दोन पट्ट्यांचा पक्का रॅम्प बांधा किंवा चांगल्या लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) घ्या. ॲम्बॅसेडरचं वजन ११०० किलोच्या वर जातं. ते पेलायला विटा नकोत, दगडही नकोत. वीट दाबाखाली कसलीही पूर्वसूचना न देता फुटते, आणि हायड्रॉलिक जॅकचं सील कधीही सुटू शकतं. जॅक फक्त उचलायला, गाडी उभी राहायची ती घोडीवर. खाली सरकण्याआधी गाडीला बाजूने जोरात धक्का देऊन पाहा.

घरात कापूस आणि अंगणात वेल्डिंग

ही चूक सगळ्यांत मोठी आहे आणि कुठल्याही व्हिडिओत तुम्हाला कुणी सांगणार नाही. आपल्याकडे दसऱ्यापासून वेचणी सुरू होते आणि भाव वाढेल या आशेने कापूस महिनोन्महिने घरात, पडवीत, शेडमध्ये भरलेला असतो. शेजारी सोयाबीन-तुरीचं कुटार, मागे पऱ्हाटीचा ढीग. अशा घराला लागून ग्राइंडर चालवणं म्हणजे वर्षाची कमाई पणाला लावणं.

कापूस भडकन पेटला तर निदान दिसतो तरी. पण अनेकदा तो तसा पेटत नाही. ठिणगी गंजीत शिरते, आतल्या आत धुमसत राहते, वरून पांढरा कापूस जसाच्या तसा दिसतो. संध्याकाळी काम आटोपून माणूस जेवायला बसतो आणि धूर दिसतो तो मध्यरात्री. वरून पाणी मारून तो विझतही नाही; गंजी उपसून, पसरून, आतपर्यंत भिजवावी लागते.

वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंगच्या ठिकाणापासून ३५ फुटांच्या आत पेटणारं काही नको, असा या कामातला सर्वमान्य नियम आहे. कापसाच्या बाबतीत मी त्याही पुढे जाऊन सांगेन: घरात कापूस आहे तोवर ठिणगीचं काम बंद. कापूस विकल्यावरही कुटार आणि पऱ्हाटी हलवा, जागा झाडून पाणी शिंपडा, पाण्याचा ड्रम, वाळूच्या बादल्या आणि पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, वारं सुटलं असेल तर मशीन लावूच नका. काम थांबल्यावर निदान तासभर कुणीतरी तिथे बसून राहायला हवं.

पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग घरी करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आत वाफ असते. गाडीच्या पत्र्यावर वेल्डिंग करतानाही आधी बॅटरीची वायर काढा. बॉडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो; गेट-ग्रिल जोडणारं साधं रॉडचं वेल्डिंग त्याला भोकं पाडतं. तिथे सीओटू (मिग) वेल्डिंगच हवं, तेही छोटे छोटे टाके देत, पत्रा थंड होऊ देत.

शेतीपंपाच्या लाइनवर गॅरेज

विहिरीवर थ्री फेज आहे, मग कॉम्प्रेसर तिथूनच चालवू, हा विचार सोडा. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

घरच्या सिंगल फेजवर दोन एचपीचा कॉम्प्रेसर चालतो, पण तार चुकते. मीटरपासून शंभर फुटांवरच्या शेडला दीड चौरस मिलिमीटरची तार नेली, तर मोटर सुरू होताना तीसेक व्होल्ट तारेतच जातात. आधीच संध्याकाळी व्होल्टेज कमी. मोटर घुमते, फिरत नाही, वाइंडिंग जळतं. मोटर घुमत असेल तर मशीन बदलण्याआधी तार तपासा. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घाला, शेडला वेगळा एमसीबी आणि करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग एकाच वेळी लावू नका. उन्हाळ्यात माती कोरडी पडून भेगाळली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्या खड्ड्यात नियमित पाणी घाला.

चुकीच्या महिन्यात चुकीचं काम

जुलैत संध्याकाळी सँडपेपर मारून चकचकीत केलेला मडगार्ड सकाळी पाहा. जिथे हात टेकला होता, तिथे पाचही बोटांचे ठसे तांबूस उमटलेले असतात. पावसाळ्यात उघडा पत्रा एक रात्रही टिकत नाही. त्यावर साधा प्रायमर मारून गाडी चार महिने उभी ठेवली तरी उपयोग नाही, कारण तो सच्छिद्र असतो, ओल आत जाते आणि गंज त्याच्याखाली पसरतो. वर्षभराने नव्या रंगावर फोड दिसले, तर दोष बहुधा पेंटरचा नसून या चार महिन्यांचा असतो. उघड्या पुट्टीवर पाण्याचा पेपर मारला तरी असेच फोड येतात. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचणारं पाणी हे तिसरं कारण. ते रोज काढा आणि लाइनला पाण्याचा ट्रॅप लावा.

उन्हाळ्यात लोक शेडमध्ये कूलर लावतात. कूलर हवेत ओल सोडतो. म्हणजे जो महिना पत्र्यासाठी सर्वांत कोरडा आणि चांगला, त्यातच आपण घरात पावसाळा आणतो. कूलर आराम करायच्या ओसरीत ठेवा, काम पहाटे सहा ते दहा करा. शेडची लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून ठेवली, पत्र्याला वरून पांढरा रंग दिला आणि वर गरम हवा निघायला जागा सोडली, तर बराच फरक पडतो.

म्हणून आपल्या हवामानात कामाचं वर्ष असं लावावं: कापूस विकल्यावर, मार्च ते मे, सकाळच्या वेळी कटिंग आणि वेल्डिंग. मृगाच्या आत सगळ्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमर. पावसाळाभर इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, सीट. दसऱ्यानंतर पेपर मारून पुट्टी आणि मग रंग; हवा कोरडी असते, धूळ कमी असते आणि थिनर हवेतच उडून जात नाही. मात्र थिनरही पेटतो, तेव्हा फवारणी कापसापासून लांबच. हार्डनर मिसळून मारायच्या टू-के रंगाला रुमाल चालत नाही, कार्ट्रिजचा मास्कच लागतो.

खोलताना आणि कागदांत

सगळी गाडी एका रविवारी खोलू नका. एका वेळी एकच भाग, प्रत्येक बोल्ट जागेचं नाव लिहिलेल्या पिशवीत, आणि खोलण्याआधी फोटो. जुनी विलीज जीप आणि बीएमसी इंजिनची ॲम्बॅसेडर इंची पान्यांची, पद्मिनी एमएमची. इंची बोल्टला एमएमचा पाना लावला की त्याचे कोपरे गोल होतात आणि पुढचा आठवडा तो बोल्ट काढण्यात जातो. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिथली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम खातं, म्हणून गाडी चालू करण्याआधी ते नवे घाला. वायरिंग पूर्ण झाल्यावर उंदरांचा बंदोबस्त त्याच दिवशी करा.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी आरसी शोधा. चेसिस नंबरवर ग्राइंडर फिरण्याआधी कागद ठेवून त्याचा पेन्सिलने छाप घ्या. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली दुचाकी किंवा चारचाकी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. आपल्याकडच्या कित्येक पेट्रोल जीपमध्ये शेतीच्या दिवसांत डिझेल इंजिन बसवलं गेलं आहे. मूळ इंजिन कोठ्यात कुठे पडलं असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि ते भंगारात जाऊ देऊ नका.